वाचक विचारतात : सेन्सर, ॲप आणि व्हिडिओवरचे डॉक्टर

या महिन्यात आलेल्या पत्रांत मोबाइलवरून चालणाऱ्या उपचारांबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. औषधाचा डोस पत्रातून ठरवता येत नाही, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, साताऱ्याला एकटे राहतात. मधुमेह जुना आहे. ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्शुलिन चालू आहे. डॉक्टरांनी दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावून दिला. त्याचे आकडे बंगळुरूला माझ्याही मोबाइलवर येतात. शुगर वाढलेली दिसली की मी फोन करते. आता ते म्हणतात, "मला पहारा नको." दोनदा त्यांनी मुदतीआधीच सेन्सर काढून टाकला. शिवाय रात्री तीनला 'शुगर ५५' असा अलार्म होतो आणि बोट टोचून बघावं तर ११०! सेन्सर खराब आहे का?

उत्तर : आधी रात्रीच्या अलार्मचं बघू, कारण त्यातून विश्वास उडतो. सेन्सरची केसासारखी बारीक तार कातडीखाली असते. ती रक्तातली नाही, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. वडील त्या कुशीवर झोपले की दंड दाबला जातो, तिथला प्रवाह मंदावतो आणि आकडा खोटा खाली येतो. आलेखावर हे ओळखता येतं. रेषा एकदम खड्ड्यासारखी पडते आणि कूस बदलली की तशीच सरळ वर येते. खरी शुगर सहसा उतारावरून उतरल्यासारखी हळूहळू कमी होते. ते ज्या कुशीवर झोपतात, त्याच्या विरुद्ध दंडावर पुढचा सेन्सर लावा, आणि तोही दंडाच्या मागच्या बाजूला.

मात्र ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिन दोन्ही चालू असताना रात्रीचा एकही अलार्म खोटा धरून झोपून जायचं नाही. उठून हात साबणानं धुवावेत, पुसावेत आणि बोट टोचून बघावं. हात धुणं महत्त्वाचं आहे. बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर ग्लुकोमीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि खरी कमी झालेली शुगर लपून राहते. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा घाम-थरथर होतेय आणि टोचायला जमत नाहीये, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटाचीच तपासणी करावी. सेन्सर रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटं चालतो. त्यामुळे साखर खाल्ल्यावरही तो काही वेळ खालचाच आकडा दाखवतो आणि माणूस घाबरून आणखी अर्धी वाटी साखर खातो. बोटाच्या तपासणीतही ७० च्या खाली आकडा येतोय, असं एकदा जरी रात्री झालं तरी डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी कळवा. डोस कमी करण्याचं ते कारण असतं.

आता पहाऱ्याबद्दल. वडिलांचं म्हणणं आम्हाला पटतं. जेवणानंतर शुगर चढणारच. प्रत्येक चढाला फोन आला, तर सेन्सर म्हणजे बोलणी खायचं साधन, एवढंच त्यांच्या मनात बसतं. मग तो दंडावरून निघतो आणि ज्या कमी शुगरच्या भीतीनं तो लावला होता, ती भीती तशीच राहते. या वयात इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी लक्ष्यही सैल असतं. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ गेला तरी चालतो. ७० च्या खाली मात्र एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसातून जेमतेम पंधरा मिनिटं. तरुण मधुमेहींसाठीचे आकडे (पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त, खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी) त्यांना लावू नका.

तुमच्या मोबाइलवर जास्त शुगरचा अलार्म बंद करा, ७० च्या खालचा तेवढा ठेवा. रविवारी एकदा चौदा दिवसांचा अहवाल दोघांनी मिळून बघा. आकडे त्यांनी वाचायचे, तुम्ही ऐकायचं. आमरस खाल्ला तर रेषा किती चढली आणि जेवून पंधरा मिनिटं चालल्यावर किती बसली, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. आणि मुख्य गोष्ट : रात्री तीनला बंगळुरूत अलार्म वाजला आणि वडील फोन उचलत नाहीत, तर साताऱ्यात दार कोण वाजवणार? किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे? साखर कुठे ठेवली आहे, हे त्याला ठाऊक आहे का? हे ठरलेलं नसेल तर तो आकडा तुमची झोप उडवेल आणि वडिलांच्या उपयोगी मात्र पडणार नाही.

सेन्सर खाज सुटून किंवा चिकटपणा जाऊन निघत असेल तर कारण वेगळं. लावण्याआधी जागा स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. दंडाला तेल लावणं त्या भागापुरतं थांबवा. अंघोळ चालते, पण पंचानं तिथे घासू नये. पहिल्या दिवशी आकडे थोडे भरकटतात, त्यावरून सेन्सर बदलू नका. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमहून मोठ्या गोळ्या रोज चालू असतील तर काही सेन्सर शुगर खरीपेक्षा जास्त दाखवतात. डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल सांगा.

प्रश्न : मला मधुमेह नाही. वय २९. फिटनेससाठी सेन्सर लावला. पोहे खाल्ल्यावर १५५ दिसलं. आता भात, पोहे, केळं सगळं बंद केलं आहे. बरोबर केलं ना?

उत्तर : नाही. मधुमेह नसलेल्या माणसाची शुगर बहुतेक वेळ ७० ते १४० मध्ये असते आणि जेवणानंतर थोडा वेळ त्याच्या वर जाते. सेन्सरच्या अशा एका टोकावरून निदान होत नाही. शंका असेल तर प्रयोगशाळेत उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) करा. १०० च्या खाली आणि ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर पोहे खा. त्यात शेंगदाणे, मटार आणि सोबत अंडं किंवा उसळ असू द्या, म्हणजे चढ आपोआप कमी होतो. अन्नाची भीती बसायला लागली असेल, तर सेन्सर काढून ठेवणं हाच तुमच्यासाठी चांगला उपाय आहे. आणखी एक : कातडी न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिराती येतात. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनं) फेब्रुवारी २०२४ मध्ये, असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही आणि ती वापरू नयेत, असा इशारा दिला होता. इन्शुलिन घेणाऱ्यानं त्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ माझं बीपी कायम ११८/७६ च्या आसपास दाखवतं. दवाखान्यात मात्र १५०/९४ आलं. डॉक्टरांनी गोळी सुरू करायचं म्हटलं. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : घड्याळावर नको, आणि दवाखान्यातल्या एकाच आकड्यावरही नको. घड्याळ कातडीवर प्रकाश टाकून नाडीची लाट बघतं आणि त्यावरून बीपीचा अंदाज बांधतं. त्याला आधी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राचा आकडा शिकवावा लागतो आणि ठरावीक दिवसांनी तो पुन्हा द्यावा लागतो. तो दिला नसेल, तर पुष्कळदा घड्याळ शिकवलेल्या आकड्याभोवतीच फिरत राहतं. दवाखान्यात दुसरी अडचण असते. काहींचं बीपी तिथे गेल्यावरच वाढतं.

दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. आधी टेपनं दंडाचा मधला घेर मोजा. साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरला नेहमीचा पट्टा चालतो, त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. दंडाला लहान पडणारा पट्टा बीपी जास्त दाखवतो आणि नको असलेली गोळी सुरू होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला टेकवून, पायावर पाय न ठेवता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर. शर्टाची बाही गुंडाळून वर सारली की ती दंडाला आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढा. मोजताना बोलू नका, टीव्हीही बंद ठेवा.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी खरंच वाढलेलं आहे. आलेले सगळे आकडे लिहा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून चांगले तेवढेच वहीत उतरवणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यामुळे अपुरा उपचार होतो आणि नुकसान त्यांचंच होतं. म्हणून यंत्र सोबत न्या, मेमरीतले आकडे तिथेच बघता येतात. नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन), तर या यंत्रांचा आकडा कमी भरवशाचा असतो, म्हणून डॉक्टरांना विचारा.

१८०/१२० च्या वर आकडा आला आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, हातापायात कमजोरी यांपैकी काही असेल तर लगेच रुग्णालय गाठा. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : निद्रानाशासाठी डॉक्टरांनी एक ॲप सुचवलं. दहा दिवस झाले. आता ते सांगतं, साडेबाराच्या आधी झोपायचं नाही आणि सहाला उठायचं. मी आधीच थकलेली आहे, त्यात हे! याला उपचार म्हणायचं का? सोडून द्यावं वाटतं.

उत्तर : सोडू नका, निदान महिनाभर तरी. बहुतेक लोक नेमके याच वळणावर सोडतात, कारण हा टप्पा येणार आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं. ॲपनं जे दिलं आहे, त्याला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस केली. जर्मनीत २०२० पासून डॉक्टर काही ॲप चिठ्ठीवर लिहून देतात आणि खर्च आरोग्य विमा करतो. त्या यादीत निद्रानाशाचंही ॲप आहे.

हिशेब असा. समजा तुम्ही रात्री दहाला पडता, साडेसहाला उठता आणि झोप साडेपाच तासच लागते. साडेआठ तासांपैकी साडेपाच, म्हणजे ६५ टक्के. उरलेले तीन तास मेंदू अंथरुणात जागं राहायला शिकतो. म्हणून अंथरुणातला वेळ साडेपाच तासांवर आणायचा. झोपेची भूक वाढते, झोप सलग होते. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. ८० ते ८५ असेल तर तेवढंच ठेवायचं. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा जास्त थकवा येतो. फरक साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जाणवतो, आणि पूर्ण उपचार सहा ते आठ आठवड्यांचा असतो.

चुकतं कुठे? रविवारी नऊपर्यंत झोपलं की आठवड्याची मेहनत वाया जाते. उठण्याची वेळ सातही दिवस तीच हवी. दुपारची डुलकीही नको. वीसेक मिनिटं झोप लागत नाहीये असं वाटलं की उठायचं (घड्याळ बघून नव्हे, अंदाजानं). लहान घरात दुसरी खोली नसते. मग संध्याकाळीच स्वयंपाकघरात एक खुर्ची, मंद दिवा आणि चाळायला जुना अंक ठेवून द्या. मोबाइल नको. डोळे जड झाले की परत अंथरुणात. झोपेची डायरी सकाळी उठल्यावर एकदाच आणि अंदाजानंच भरायची. स्मार्टवॉचचा झोपेचा गुण त्यात उतरवू नका. तो बघून, झोप बरी झालेली असतानाही लोकांना थकल्यासारखं वाटायला लागतं.

काही जणांनी हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये : बायपोलर आजार, फिट्स येणारे, रात्री जोरात घोरून श्वास अडकणारे, आणि गाडी किंवा यंत्र चालवणं हेच ज्यांचं काम आहे असे. झोपेची गोळी चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. आठवड्यातून एकदा कोणी विचारपूस केली तर लोक टिकतात, म्हणून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे दर आठवड्याला दहा मिनिटांचा फोन मागून घ्या. ॲप डायरी मागत नसेल, वेळ ठरवून देत नसेल, नुसतं पावसाचं संगीत ऐकवत असेल, तर तो हा उपचार नव्हे.

प्रश्न : गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई टॅबवर तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. आई म्हणते, "हात लावला नाही, मग तपासलं कसं?" औषधं आणते, पण घेत नाही.

उत्तर : आईंची शंका रास्त आहे. पोट दाबून बघणं, छाती ऐकणं हे टॅबवर होत नाही, आणि ते लागेल तिथे डॉक्टरांनी प्रत्यक्ष बोलावलंच पाहिजे. पण ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर आरोग्य मंदिरातून होणाऱ्या सल्ल्यात सीएचओ ताई रुग्णाजवळ असतात. बीपी, शुगर, ताप, ऑक्सिजन आणि वजन त्यांनी आईंच्या समोर मोजावं आणि ते आकडे डॉक्टरांना आईंना ऐकू जातील असे सांगावेत. तपासणी झाली, हे तेव्हा आईंना दिसेल. कॅमेराही आईंकडे वळवा. पुष्कळदा ताई आणि डॉक्टरच बोलत राहतात आणि ज्याला दुखतंय तो गप्प बसून असतो.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं सांगताना चुकतात. तीनच गोष्टी ठरवून ठेवा : काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं. अंगावर चट्टा असेल तर आधी दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. उठण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच : "काय झालं तर लगेच प्रत्यक्ष यायचं?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीतली) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं अशा सल्ल्यात लिहून देता येत नाहीत, त्यासाठी हट्ट धरू नका. काही औषधं पहिल्यांदा देताना व्हिडिओ लागतो, म्हणून डॉक्टर नुसत्या फोनवर नकार देतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी, न थांबणारा रक्तस्राव असेल तर टॅबसमोर बसू नका, १०८ ला फोन करा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आभा क्रमांक काढला तर माझे सगळे रिपोर्ट सरकारला आणि विमा कंपनीला दिसतील का?

उत्तर : आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे आणि तो ऐच्छिक आहे. रिपोर्ट त्या क्रमांकात भरलेले नसतात, ते रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते हवे असतील तर ॲपवर तुमच्याकडे परवानगीची विनंती येते. कोणते रिपोर्ट, कोणत्या तारखांचे आणि किती दिवस, हे बघूनच मंजुरी द्या. दिलेली परवानगी मागेही घेता येते. अडचण बहुतेक वेळा दुसरीकडेच येते. आईचा आभा मुलाच्या मोबाइलवर काढलेला असतो, आई ओपीडीच्या खिडकीशी उभी आणि ओटीपी मुलाकडे दुसऱ्या शहरात. ज्याचा आभा, त्याच्याजवळ राहणाऱ्या मोबाइलचाच नंबर जोडा. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.

प्रश्न : सासूबाईंचं गुडघ्याचं सांधारोपण झालं. फिजिओथेरपी ॲपवरून आणि व्हिडिओवरून चालू आहे. त्या म्हणतात, "पैसे वाचवायला मोबाइल समोर ठेवलाय."

उत्तर : सांधारोपणानंतरचा व्हिडिओवरचा व्यायाम प्रत्यक्ष फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरल्याचं चाचण्यांमध्ये दिसलं आहे, पण फिजिओथेरपिस्टना गुडघा नीट दिसत असेल तरच. मोबाइल समोर नको, बाजूला ठेवा. सात-आठ फुटांवर, गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर, आडवा. साडी किंवा गाऊनमुळे गुडघा झाकला जातो, म्हणून गुडघ्याच्या वर जाईल अशी सैल पँट घाला. गुडघा किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो, हे आठवड्याला मोजून घेऊन त्यांना सांगत चला. प्रगती दिसली की हा उपचारच आहे, हे त्यांना पटेल. पहिली एक-दोन सत्रं आणि आकडा दोन आठवडे अडकला तर एक भेट, एवढं प्रत्यक्ष घ्या. व्यायामानंतर दुखणं तास-दीड तासात बसलं पाहिजे. रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी आवर्तनं निम्मी करा. पोटरी सुजून, गरम होऊन दुखायला लागली, किंवा जखमेतून पाणी आलं, तर पुढच्या व्हिडिओची वाट न बघता त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर थेट १०८.